वरून पाणी पिणारी मेधा

मेधे, ऐक. बातमी आहे. तू असतीस तर मी वारज्याहून बिबवेवाडीपर्यंत गाडी दामटत आले असते, खालूनच हाका मारल्या असत्या आणि तुमच्या सोसायटीच्या वॉचमनने नेहमीसारखं "ओ मॅडम, बेल आहे ना" म्हणून मला दटावलं असतं. तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. रोज ऑफिस सुटलं की हात आपोआप फोनवर तुझं नाव काढतो, आणि मग आठवतं. म्हणून लिहायला बसले आहे.

पण बातमी शेवटी सांगणार. आधी सांगितली तर तू मध्येच "म्हणजे मी म्हणत होते तेच ना?" म्हणशील आणि सगळी गंमत घालवशील. इतक्या वर्षांत माझं एक वाक्य तू पूर्ण होऊ दिलं नाहीस. आता जरा गप्प बसून ऐक.

परवा तुझ्या शोकसभेत एका गृहस्थांनी तुला "शांत आणि संयमी" म्हटलं. मी रुमाल तोंडात कोंबला. शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला. तू आणि संयमी! महापालिकेच्या नळाला पाणी कमी दाबाने येतं म्हणून मोजपात्र घेऊन वॉर्ड ऑफिसात जाऊन बसणारी तू! मला त्या क्षणी तुझ्याकडे बघून डोळे फिरवायचे होते, आणि समोर तुझा हार घातलेला फोटो होता. हसू आणि रडू एकदम आलं की किती घाण आवाज येतो, ते मला तेव्हा कळलं.

आपली खरी सुरुवात मंदीतली. सिव्हिल इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, आणि कॉलेजात सिव्हिल, मेकॅनिकल, सगळ्यांनाच आयटी कंपन्यांनी उचललेलं. पूल बांधायला शिकलेली पोरं हिंजवडीत बसून बँकांचे प्रोग्रॅम लिहिणार होती. मग मंदी आली आणि कंपनीची ईमेल आली की रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली आहे, नवी तारीख यथावकाश कळवू. हॉस्टेलवर रडारड. आमच्या घरी तर सुतकच. बाबांचे चाकणच्या कारखान्यातल्या सगळ्यांना पेढे वाटून झाले होते. आणि तू? तू कॅन्टीनच्या टेबलावर हात आपटून म्हणालीस, "वैशे, सुटलो! आता निदान पाण्याचं काहीतरी करू."

सायबर कॅफेत बसून ती इंटर्नशिप तूच शोधलीस. मलावी. खेड्यांमध्ये पाणी, शौचालयं आणि स्वच्छता. आपले सर म्हणाले, "अहो, पाण्याचं काम करायला आफ्रिकेत कशाला? इथे प्रश्न कमी आहेत का?" तू म्हणालीस, "इथे तुम्ही आहात ना, सर." शिफारसपत्र तरीही मिळालं. अजूनही मला कळलेलं नाही, तू हे कसं जमवायचीस.

मग तू माझ्या घरच्यांना पटवायला वारज्याला आलीस. आमच्या दोन खोल्या, बाबा कॉटवर, आई मोरीजवळ उभी. यवतमाळकडचं गाव सोडून पुण्याला आलो त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण आईची बोली पुण्याने बदलली नव्हती. "मलावी कुटंसाक आलं वो?" ती म्हणाली. तू डाळीच्या डब्यांचा नकाशा मांडलास. हा डबा भारत, ही वाटी समुद्र, हा मिठाचा डबा मलावी. बाबा वाकून बघायला लागले. आईने तुला पाणी दिलं, आणि तू मान मागे टाकून, पेला अधांतरी धरून, वरून घटाघट प्यायलीस. ओठ लागू न देता, एक थेंब न सांडता. पेठेतून बिबवेवाडीला फ्लॅटमध्ये आलात तरी तुमच्या घरात सगळे असेच प्यायचे. पाणी पिताना तुमच्यापैकी कुणी भांडं उष्टं केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आईने तो पेला तुझ्या हातातून घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मी पाहिलं. तुला दिसलं नाही, तू बाबांना मिठाच्या डब्यातली नदी दाखवत होतीस. शेवटी आईच म्हणाली, "जाऊ द्या तिले. हे पोरगी संगं हाये ना." आणि आपण निघालो!

काय दिवस होते गं ते! पिवळ्या तापाची लस घेऊन दोघी दंड चोळत फिरत होतो. तुझ्या आईने, म्हणजे काकूंनी, थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट भरून दिलं, माझ्या आईने जवसाची चटणी. मुंबईच्या विमानतळावर तू प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होतीस. विमान उडताना तू माझा हात धरलास, आणि नंतर कायम सांगत राहिलीस की मी तुझा धरला होता. तो वाद आता मीच जिंकला असं मी जाहीर करते. लाल माती, आंब्याची झाडंच झाडं, गोड बोलणारी माणसं. तिकडे आईला "अमायी" म्हणतात हे पहिल्याच दिवशी कळल्यावर तू नाचायची बाकी राहिली होतीस. "आई आणि माय एकाच शब्दात! वैशे, आपण घरीच आलोय!"

आपली वाटाडी लिझी, तिथल्या संस्थेत नोकरीला असलेली, आपल्याहून थोडी मोठी. तिने आपल्याला कामाला जुंपलं. हातपंपाभोवतीचा ओटा, सांडपाण्याची नाली, आणि शौचालयापाशी हात धुण्याची ती गमतीदार सोय: लाकडी चौकटीला टांगलेला पाण्याचा डबा, त्याला दोरी, दोरीला खाली काठी. काठीवर पाय दिला की डबा झुकतो आणि पाणी पडतं, हात कशालाच लावायचा नाही. आपण दोन इंजिनिअरांनी बांधलेला पहिला नळ लिझीच्या डोक्यावर पडला. ओली लिझी म्हणाली, "तुमच्या देशात पूल कोण बांधतं?" तू म्हणालीस, "आम्ही नाही, आम्ही सॉफ्टवेअर करतो." तिघी मातीत बसून पोट धरून हसलो. मी पुढे हिंजवडीत इतकी वर्षं काढली, पण कामावर तसं पुन्हा हसले नाही.

आणि मग तो स्वागताचा दिवस. अमायी नाफिरी ही गावातली वजनदार बाई. पाणी समितीत कोण बसणार, पंपाची देखभाल कोण करणार, सगळं तिच्या शब्दावर. तिने आंब्याखाली बायका जमवल्या आणि थोब्वा आणला. मका आणि बाजरीसारखं धान्य आंबवून केलेलं पेय, आपली आंबीलच म्हणायची. भोपळ्याचं एकच भांडं. आधी तिने स्वतः घोट घेतला, मग गुडघे टेकून ते तुझ्या हातात दिलं.

आणि तू मान मागे टाकलीस. मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. मी "मेधे!" म्हणेपर्यंत तू ते भांडं हातभर उंच धरलं होतंस. पाणी असतं तर तू एक थेंब सांडला नसतास, पण ती दाट आंबील. भसकन आली. नाकात, गळ्यात, नव्या कुडत्यावर. मला हसू आलं, पण बाकी कुणीच हसलं नाही. अमायीने भांडं तुझ्या हातातून काढून घेतलं आणि उरलेलं झाडाच्या मुळाशी ओतलं.

दुसऱ्या दिवशी हात धुण्याच्या वर्गाला कुणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. लिझीने अखेर सांगितलं. यजमानाने आधी घोट घ्यायचा, म्हणजे पाहुण्याला कळतं की यात काही वाईट नाही, आणि मग पाहुण्याने त्याच जागी तोंड लावायचं, ही तिथली रीत. अमायी तरुणपणी शहरात एका भारतीय दुकानदाराकडे कामाला होती. तिथे तिचा पेला मोरीच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. "तिला वाटतं, ती मुलगी आम्हाला स्वच्छता शिकवायला आली आणि आमच्या तोंडाची तिला किळस आली," लिझी म्हणाली. गाव नको म्हणालं तर आपली रवानगी परत, आणि त्याहून वाईट म्हणजे पंपाची समिती बारगळणार.

तू केवढी चिडलीस! "मी माझ्या सख्ख्या आईच्या पेल्यालाही तोंड लावत नाही! यात किळस कुठे आली? उलट हेच स्वच्छ आहे. लाळ लागत नाही, कावीळ होत नाही, विज्ञान आहे हे!" तुझं खोटं नव्हतं. तुला खरंच कुणाची किळस नव्हती. कुणाच्याही पाठीवर हात टाकायचीस, कुणाच्याही ताटातलं उचलून खायचीस, फक्त पाणी तेवढं वरून. आणि तुझ्या त्या "विज्ञान" शब्दावर माझी सटकली.

आंब्याखाली मी तुला सांगितलं. माझी आई लहान असताना गावच्या विहिरीला शिवायची सोय नव्हती. कडेला ओंजळ धरून उभं राहायचं. कुणी आली, तिला वाटलं, तर ती उंचावरून ओतायची. ओतणारीचं भांडं आणि आईची ओंजळ यांच्यात अंतर राहिलं पाहिजे, म्हणून वरून. ओंजळीतून निम्मं पायावर सांडायचं. "माझ्या आईने तुला पेला दिला आणि तू वरून प्यायलीस, तेव्हा तिला काय दिसलं असेल? तुझं विज्ञान?" मी म्हणाले. "तू विज्ञान शाळेत शिकलीस, मेधे. वरून प्यायला त्याच्या आधी शिकलीस."

तू उठलीस आणि मच्छरदाणीत जाऊन पाठ फिरवून पडलीस. माझ्या ओळखीत तू गप्प बसल्याची ती एकच वेळ. मला वाटलं, झालं, संपली मैत्री. परक्या मुलखात, एका मच्छरदाणीत, आणि बोलायचं कुणाशी?

पण सकाळी उठले तर तू जागेवर नव्हतीस. अमायीच्या अंगणात होतीस, उखळाशी. नंतर लिझीने सांगितलं की तू जाऊन थोब्वा मागितलास, तर अमायीने तुझ्या हातात मुसळ दिलं. मका कांडायला लावलं. तू कांडत राहिलीस, तुझ्या तळहातांना फोड आले, आणि बायका एकेक करून कुंपणाशी जमायला लागल्या. मग अमायीने भांडं आणलं. घोट घेतला. तुझ्यापुढे धरलं. आणि मेधे, तू डोळे गच्च मिटून, एरंडेल घेतल्यासारखं तोंड करून, त्या भांड्याला ओठ लावलेस. अमायी आधी गालात हसली, मग खो खो हसली, मग अख्खं अंगण हसायला लागलं. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे पाहिलंस आणि मराठीत ओरडलीस, "वैशे, चांगलं लागतंय गं!"

मी तेव्हा रडले. तू विचारलंस तेव्हा धूर गेला म्हणाले. चूल पेटलेलीच नव्हती.

वर्ग भरले, समिती झाली, पंपाला पान्यासकट दोन बायका नेमल्या गेल्या. एवढ्यावर तू थांबली असतीस तर तू मेधा कसली! घराघरांत साठवलेल्या पाण्याच्या बादलीत सगळ्यांचे पेले आणि बोटं बुडतात, हे तू हेरलं होतंस. भोपळ्याचा लांब दांड्याचा डावला त्यांच्याकडे होताच. तोच पाण्याला ठेवायचा, खुंटीला टांगायचा, हात आत घालायचा नाही, हे तू घरोघरी जाऊन करून दाखवलंस. आणि रात्रीच्या जेवणाला माझ्यापुढे विजयी मुद्रेने बसलीस. "आमच्याकडचं ओगराळंच की हे. सोवळ्यातलं आहे म्हणून फेकून द्यायचं का? पोरांची हगवण थांबते यानं." मी म्हणाले, "दांडा लांब असू दे. माणूस लांब नको." तू म्हणालीस, "ते ठरवणार कोण?" आणि तिथून जो वाद सुरू झाला तो आपण पुण्याला आणला.

परत आल्यावर कंपनीची तारीख आली. मी रुजू झाले, घरचं बघायचं होतं. तू नाही झालीस. मुळशीकडच्या वाड्यावस्त्यांवर पाण्याच्या कामात शिरलीस आणि तिथून मला हिंजवडीत फोन करायचीस. "इथे एक आजी म्हणतेय, 'पानी हाय, पन डोकं नाय.' तुझ्या कंपनीत उलटं आहे का?" मी मीटिंगमध्ये असायचे आणि फस्सकन हसायचे.

तुझं ते पाणी पिणं मात्र कधी धड सुटलं नाही. घरी, प्रवासात, माझ्या लग्नात, मान मागेच. फक्त दोन ठिकाणी तू पेल्याला तोंड लावायचीस. अमायीच्या अंगणात आणि वारज्याला आमच्या घरी. परत आल्यावर पहिल्यांदा आलीस तेव्हा आईला तू ती सगळी गोष्ट करून दाखवलीस, अमायीचे गुडघे टेकण्यासकट, नाकात गेलेल्या आंबिलीसकट. आई डोळे पुसेपर्यंत हसली. मग तू पाणी मागितलंस आणि ओठ लावून प्यायलीस. आई तेव्हापासून तुझ्यासाठी तिळाचे लाडू वेगळे काढून ठेवायला लागली. मला विचारायचीसुद्धा नाही.

आणि मग तो आजार. शेवटच्या दिवसांत तुला कसलाही संसर्ग चालणार नव्हता. नर्सने बजावलं, उष्टं काही नको, प्रत्येकाची बाटली वेगळी. तुझ्या डोळ्यांत केवढी चमक आली! आवाज निघत नव्हता तरी म्हणालीस, "ऐकलंस? विज्ञान." मी म्हणाले, "तू बरी हो, मग बघते तुला." माझ्याकडे उत्तर तयार होतं गं. तुझ्या त्या "ते ठरवणार कोण"चं. पण तू दमली होतीस, म्हणून म्हटलं उद्या बोलू. आणि तू गेलीस. एवढी चांगली भांडणारी बाई अर्ध्यात उठून गेली, याचा मला इतका राग येतो की काय सांगू.

तर आता बातमी.

तू गेल्यानंतरच्या आठवड्यात मी आईला घेऊन तुमच्याकडे आले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. नातेवाईक सांगत होते, सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही, कुणाचं ऐकत नाहीत. तुला माहीत आहे, माझी आई इतक्या वर्षांत तुमच्या घरी दारापाशीच्या खुर्चीच्या पुढे कधी आली नव्हती. काकू कितीदा आत बोलवायच्या, पण हिचं आपलं "राहू द्या, इथं बरं हाये." ती आई उठली. कुणाला न विचारता सरळ स्वयंपाकघरात गेली, माठातलं पाणी फुलपात्रात घेतलं आणि काकूंच्या पुढ्यात येऊन बसली.

"घ्या ना बाई, थोडंसंक."

काकूंनी मान हलवली.

मग आईने काय केलं माहीत आहे? फुलपात्र आपल्या तोंडाला लावून एक घोट घेतला. भरल्या घरात, सगळ्यांसमोर. आणि गुडघे टेकून तेच भांडं काकूंपुढे धरलं. "तुमच्या मेधानंच सांगतलं मले," ती म्हणाली. "तिकडच्या बाया अशाच देतेत. देनारीनं पयले प्यावं लागते. आता तुमी घ्या."

काकू, ज्यांनी जन्मात भांड्याला ओठ लावले नाहीत, त्या आईकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी फुलपात्र घेतलं आणि तोंडाला लावलं. आईचे ओठ जिथे लागले होते तिथेच. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. आणि रिकामं भांडं आईपुढे धरून म्हणाल्या, "अजून द्या."

झाली बातमी सांगून. बोल आता, मेधे. मी मध्ये तोडणार नाही.